विम्याच्या कागदावरची उत्तरा

गुरुग्राम
११ नोव्हेंबर २०२४

ती. आईला गिरिजाचा वाकून नमस्कार. नीलाताई, तुम्हालाही नमस्कार. अंगणवाडीची कामं टाकून तुम्ही आईला माझी पत्रं वाचून दाखवता. हे पत्र जरा सावकाश वाचा.

आई, मला दोन दिवस झोप नाही. शनिवारी थायलंडवरून अंकुर सरांचा फोन आला. ते ह्यांच्याच शाळेत शिकवतात, नागपूरचे आहेत. म्हणाले, जयेश सरांना डेंग्यू झालाय, हॉस्पिटलात ठेवलंय, घाबरू नका. तेव्हापासून फोन हातात धरून बसलेय. डोळा लागला आणि तेवढ्यात फोन आला तर काय, म्हणून झोपत नाही.

काल अंकुर सरांनी व्हिडिओवर ह्यांना दाखवलं. नाकाला नळी होती. मला बघून हसले. सृष्टीनं बाबा म्हणून स्क्रीनचा पापा घेतला, तर बोट लागून फोन कट झाला. परत लावला तर नर्सनं बंद करायला सांगितलं होतं.

हॉस्पिटलवाल्यांनी आधी विम्याचं कार्ड मागितलं म्हणे. ते ह्यांच्या पाकिटातच होतं, म्हणून लगेच भरती केलं. आई, मला लाज वाटते. दर महिन्याला पगाराची चिठ्ठी फोनवर यायची आणि त्यात विम्याचं कापलेलं दिसलं की मी भांडायचे. मी म्हणायचे, एवढ्यात सृष्टीचं महिन्याचं दूध येतं, त्यांना सांगा माझं कापू नका. हे हसायचे. सांगायचे की बाहेरून आलेल्या सगळ्या मास्तरांचं कापतात, कुणाला विचारत नाहीत, आणि पडलो आजारी तर हेच कामाला येणार. मी म्हणायचे, मग आजारी पडू नका आणि पैसे परत मागा. असली मी अडाणी. आता वाटतं, त्यांनी माझं ऐकलं नाही ते किती बरं झालं.

इथे धुराचे दिवस आहेत, सृष्टीला खोकला आहे. ज्या मॅडमकडे स्वयंपाक करते त्यांनी चार दिवस सुट्टी दिली. दादाला फोन केला होता. हो-नाही करून ठेवला. आबा गेल्यापासून तो माझ्याशी असाच तुटक बोलतो. माझं काय चुकलं ते मला कळत नाही. तू विचारशील का एकदा?

तिकडे वाडीत रेंज नाही, टाकीपाशी येते तिथवरची चढण तुला झेपत नाही, नाहीतर तुझा आवाज तरी ऐकला असता. देवाला माझ्या नावानं नारळ दे. माया आहे तशी राहू दे.

तुझी
गिरिजा


वरची वाडी, ता. जावळी
१६ नोव्हेंबर २०२४

अखंड सौभाग्यवती गिरिजाला आईचा भरभरून आशीर्वाद. सृष्टीला गोड पापा.

तुझं पत्र काल पोचलं. नीलानं दोनदा वाचलं. पहिल्यांदा मी नुसती रडत होते, काही ऐकलं नाही. आता ती लिहितेय, मी सांगतेय.

पोरी, ताप कुणाला येत नाही. तुझ्या आबांना तीन वेळा टायफॉईड झाला होता, तरी एवढं वय जगले. जयेशराव तर दांडगे आहेत. लग्नात पंगतीत अकरा जिलब्या खाल्ल्या होत्या, मी मोजल्या होत्या. त्यांना सांग, थंड पाणी प्यायचं नाही आणि तिकडचं नारळ घातलेलं कालवण सध्या नको. पेज खायची. मेतकूट करून ठेवलंय, कुणी दिल्लीला जाणारं मिळालं की पाठवते. तिथून तू त्यांना पाठव, मास्तरांना डबे पाठवायची सोय असेलच.

आणि विम्यावरून भांडलीस म्हणून जीव खाऊ नकोस. तुला शाळेत बाराचा पाढा येत नव्हता, नवरा मिळाला गणिताचा मास्तर. त्याला का माहीत नव्हतं की तू कशी आहेस? तो हसतच असणार. (मावशी स्वतः पण हसतायत सांगताना. नीला.)

पलीकडच्या घरातल्या म्हातारीचं डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता तिला सगळं दिसतं म्हणून सुनेच्या मागे लागलीय, भांडी नीट घासत नाहीस म्हणून. कोंबड्या बसल्यात. मी सगळ्या वाडीला सांगितलंय की माझा जावई परदेशातल्या पोरांना गणित शिकवतो. आता बरा होऊन आला की त्याला इथे आण. मी त्याला मांडीवर घेऊन दृष्ट काढणार, मग लोक हसले तरी चालतील.

तुझा दादा संग्राम महिनाभरात इकडे फिरकला नाही. चाकणला कंपनीत ओव्हरटाइम आहे असा निरोप येतो. तुझ्याबद्दल विचारलं की दुसरंच काहीतरी काढतो. मी भेटल्यावर विचारीन.

जयेशरावांना माझे आशीर्वाद कळव. त्यांच्या कानात सांग, आईनं सांगितलंय म्हणावं, उठा आता. तुमच्यावर माझा जीव आहे, तो तसाच राहणार.

आई
(नीलाच्या हातून)


गुरुग्राम
२० नोव्हेंबर २०२४

ती. आईला नमस्कार.

आई, हे गेले. तेरा तारखेला बुधवारी सकाळी गेले. तुझं पत्र काल आलं. तू पेज सांगितलीस, मेतकूट केलंस. वाचून मला कळलं की तुला कुणी सांगितलंच नाही.

मी त्याच दिवशी दादाला फोन केला होता. तो रडला आई, खरंच रडला. म्हणाला, मी आजच वाडीत जाऊन आईला सांगतो, तू पत्र लिहीत बसू नकोस. म्हणून मी लिहिलं नाही. माझ्या हातून लिहिलंही गेलं नसतं.

नीलाताई, आईला पाणी द्या. मग पुढचं वाचा.

शेवटच्या दिवशी रक्तातलं काहीतरी फार खाली गेलं म्हणे. हॉस्पिटलचं सगळं विम्यानं भरलं, अंकुर सर म्हणाले, एक पैसा मागितला नाही. आता हे तिथेच थंड खोलीत आहेत. सात दिवस झाले. घरी आणायचा खर्चही त्याच विम्यात आहे. पेटी, विमान, सगळं. फक्त ज्या माणसाचं नाव फॉर्मवर आहे त्यानं सही करायची.

फॉर्मवर नाव उत्तरा आहे. उत्तरा जयेश गोळे.

आई, ते मी लिहायला लावलं. तिकडे गेल्यावर पहिल्याच आठवड्यात ह्यांनी फोन करून विचारलं, बायकोचं नाव कोणतं लिहू. मी मॅडमकडे पोळ्या करत होते, फोन खांद्यानं धरला होता. मी म्हटलं उत्तरा लिहा. तांदळात अंगठीनं ह्यांनीच लिहिलेलं नाव ते. तुम्ही सगळे मला गिरिजा म्हणता, इथे गल्लीत मी सृष्टी की मम्मी. उत्तरा म्हणणारे हे एकटेच होते. मला वाटलं, तेवढ्या लांब एका कागदावर असू दे ते नाव. ते म्हणाले, आधारवर काय आहे बघ. मी म्हटलं असेल तेच, लिहा तुम्ही, पोळी जळतेय. आधारवर गिरिजा रामचंद्र शेलार आहे. बँकेत तेच. लग्न आम्ही कुठे नोंदवलंच नाही, आठ दिवसांत दिल्लीला आलो.

विमावाले म्हणतात, उत्तरा आणा. मी म्हणते, मीच. ते म्हणतात, कागद आणा. असं कुणीही येऊन म्हणेल, त्यांचंही बरोबर आहे.

मेट्रोनं मंडी हाउसला उतरून कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या महाराष्ट्र सदनात गेले. तिथे क्षिप्रा मॅडम भेटल्या, ऑफिसात काम करतात. स्वतःचा डबा बाजूला ठेवून माझं ऐकलं. सृष्टीला त्यातली पोळी दिली. त्यांनी विमावाल्यांशी फोनवर इंग्लिशमध्ये बोलून सगळं विचारून घेतलं. लग्नपत्रिका चालत नाही, फोटो चालत नाही. नाव बदलल्याचा सरकारी कागद करायचा तर महिने जातात. ह्यांच्या काकांनी लिहून दिलंय की उत्तरा आमची सून. पण ते सासरचे. ही गिरिजा म्हणजेच ती उत्तरा, हे माहेरच्या रक्ताच्या माणसानं शपथेवर लिहून द्यायचं. त्याचं आधार आणि माझा शाळेचा दाखला जुळला पाहिजे. मी दाखला काढला. त्यावर आईचं नाव सोनाबाई आहे. तुझ्या आधारवर अहिल्या आहे. आई, तुझंही जुळत नाही. आबा नाहीत. राहिला दादा. बाईची दोन-दोन नावं, त्याचं जन्मल्यापासून एकच.

मी दादाला लगेच फोन केला. सगळं ऐकून घेतलं. स्टॅम्पपेपर म्हटल्यावर फोन कट. तेव्हापासून माझा नंबर लागतच नाही. मकानमालकिणीच्या फोनवरून लावला, आवाज ओळखला तसा त्यानं फोन ठेवला. आता दिल्लीकडचा कुठलाच नंबर उचलत नाही.

अंकुर सर भले आहेत. म्हणाले, इथे देवळात नीट अग्नी देतात, आम्ही सगळे मास्तर उभे राहू, अस्थी मी स्वतः आणून देईन. मी नको म्हटलं. चौदा महिने मी त्यांना फोनमध्ये बघितलं. गेले ते पण फोनमध्येच. माझा जीव मानत नाही आई. मी अजून काही उतरवलेलं नाही. बायका बोलतात, बोलू देत. मी हात लावून बघेन, मग उतरवीन.

शाळेनं बारा डिसेंबरपर्यंत ठेवायचं कबूल केलंय. त्यानंतर तिथेच करतील.

तू दादाकडे जा. एवढंच कर माझ्यासाठी.

गिरिजा


वरची वाडी
२६ नोव्हेंबर २०२४

चि. गिरिजाला आईचा आशीर्वाद. सृष्टीच्या डोक्यावरून हात फिरव माझा म्हणून.

नीलाला मी सांगितलं, सौ. लिहू नको. मग म्हटलं लिही. मग परत म्हटलं नको. कागद वाया गेला एक.

पोरी, तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी एसटीत बसले. नीला सोबत आली. आधी मेढ्याला वकिलाकडे गेलो. मी म्हटलं माझा अंगठा घ्या, मी जन्म दिलाय. त्यानं माझं आधार बघितलं, तू पत्रात घातलेली दाखल्याची झेरॉक्स बघितली आणि मान हलवली. सोनाबाई कोण म्हणाला. मी म्हटलं मीच. तुझ्या आबांनी लग्नात बदललं होतं नाव, पण तुला शाळेत घालताना मी माहेरचंच सांगितलं. त्यानं विचारलं पुरावा काय. माझ्यासोबतच्या सगळ्या बायका मेल्या, आता सोनाबाई म्हणणारं कुणी राहिलं नाही.

तिथून चाकणला. संग्राम खोलीवरच होता. मला बघून बसला खाली. आता जे सांगते ते ऐक आणि मला काय म्हणायचं ते म्हण.

आबा गेल्यावर सातबाऱ्यावर नाव लावायचं होतं. त्यानं तलाठ्याकडे शपथेवर लिहून दिलंय, मयत रामचंद्र शेलार यांना एकच अपत्य, मुलगा संग्राम. मुलगी नाही. तुझं नाव घातलं असतं तर तुझ्या सह्या लागल्या असत्या, तू दिल्लीत, म्हणून सोपं केलं म्हणतो. आता त्यावर त्यानं कर्ज काढून खोली घेतलीय. तुला बहीण म्हणून लिहून दिलं तर आधीची शपथ खोटी ठरते. जेलात घालतील म्हणतो, कंपनीतून काढतील म्हणतो. म्हणून तो तुझ्याशी बोलत नव्हता. तोंड दाखवायला जागा नव्हती त्याला. आणि मला जयेशरावांचं सांगायला आला नाही, तो पण त्यामुळेच. मी विचारीन म्हणून.

गिरिजा, त्या कागदावर माझाही अंगठा आहे. मला म्हणाला आबांच्या जागी नाव लागतंय, मी लावला. वाचता येत असतं तर तो अंगठा मी तोडून टाकला असता. माझ्याच पोटच्या पोरीला नाही म्हणून मी अंगठा दिला.

मी त्याच्या पाया पडले. तो पण रडत होता. म्हणाला, आई, जयेशच्या जागी मी जातो, पण सही सांगू नकोस. मग दार लावून घेतलं. आता वाडीतले ओळखीचे नंबर पण घेत नाही.

तू जमीन माग, कोर्टात जा, मी तुझ्या बाजूनं उभी राहीन. पण बारा तारखेपर्यंत काय करू ते मला सुचत नाही.

नीला सोमवारपासून साताऱ्याला ट्रेनिंगला जातेय, पंधरा दिवस. तुझं पुढचं पत्र कोण वाचेल माहीत नाही. पोस्टमन, नाहीतर दुकानात आलेलं कुणीतरी. तरी लिही. मला टाकू नकोस.

आई
(नीलाच्या हातून. गिरिजाताई, मावशी चार दिवस नीट जेवल्या नाहीत. काळजी घ्या.)


गुरुग्राम
२ डिसेंबर २०२४

ती. आईला गिरिजाचा नमस्कार. हे पत्र जे कुणी वाचून दाखवत असतील त्यांनाही नमस्कार.

आई, आधी जेव. मी तुझ्यावर रागावले नाही. तू अंगठा दिलास तो पोराच्या शब्दावर दिलास. मी फोनवर उत्तरा लिहा म्हटलं, ते पोळी जळतेय म्हणून. दोघीही सारख्याच.

तुझं पत्र घेऊन मी परत क्षिप्रा मॅडमकडे गेले. त्यांनी दोनदा वाचलं. मग ओळखीच्या वकिलाला फोन लावला. वकील म्हणाला, भावाचा कागद विम्यासाठीच वापरायचा, तलाठ्याकडे आपण नेणार नाही. पण कधीच कुणी विचारणार नाही असं मात्र तो छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मी खोटं नाही सांगत आई, दादाला भीती आहे ती खरी आहे.

म्हणून मी माझ्याकडून एक कागद केलाय. नोटरी केलाय, फोटो दादाच्या फोनवर पाठवलाय, त्यानं उघडलेला नाही. त्यात लिहिलंय, मला आबांच्या जमिनीतलं काही नको, आज नको, उद्या नको, सृष्टीला नको, आणि भावाच्या शपथेवर मी कुठेही तक्रार करणार नाही. मॅडम म्हणाल्या, असं लिहू नकोस, तुझा हक्क आहे, लेकराचा विचार कर. मी केला. मोठी झाल्यावर ती मला जमीन विचारेल, तर मी देईन काहीतरी उत्तर. बाबा कुठे राहिले विचारलं तर काय सांगू?

वकिलानं विचारलं होतं, आबांची मुलगी नाही असंही लिहून देतेस का, म्हणजे भावाचं सगळंच मिटेल. मी म्हटलं, ते नाही देणार. जमीन घेऊ दे. पण आबांची गिरिजा हे नाव एवढंच आता माझ्याकडे आहे. उत्तराला सिद्ध करायला पण गिरिजाच लागते.

मी स्वतः चाकणला निघाले असते. पण विमावाले कधीही बोलावतात, आज मी दोनदा जाऊन आले. आणि त्यानं दार उघडलं नाही तर चार दिवस वाया जातील, तेवढे दिवस उरलेले नाहीत.

सृष्टीचा खोकला आता उतरलाय. काल तिनं ह्यांचा शर्ट काढून घातला आणि घरभर फिरली.

आता हे वाचणाऱ्याला सांगते. तुम्ही कोण ते मला माहीत नाही. पोस्टमनदादा असाल, शाळेतलं कुणी असाल, नाहीतर दुकानात मीठ घ्यायला आलेले असाल. वाडीच्या वरच्या अंगाला, पाण्याच्या टाकीपाशी रेंज येते. आईला घरात बसवा, तिला चढण झेपत नाही. तिथे जाऊन माझ्या भावाला फोन करा. संग्राम रामचंद्र शेलार. नंबर या पानाच्या मागे मोठ्या आकड्यांत लिहिलाय. माझा तो उचलत नाही, वाडीतले ओळखीचे उचलत नाही. तुमचा नंबर त्याच्याकडे नसेल, तर उचलेल.

त्याच्यावर ओरडू नका. जमिनीचं काही बोलू नका. सांगा, गिरिजानं काही मागितलेलं नाही, एक सही मागितलीय. गिरिजा म्हणजेच उत्तरा असं स्टॅम्पपेपरवर लिहून, सही करून फोटो पाठवला तरी तिकडे काम सुरू होतं, मूळ कागद मागून आला तरी चालेल. बारा तारीख सांगा. दोनदा सांगा, तो घाबरला की ऐकत नाही. आणि सांगा, की भीती वाटत असेल तर मलाही वाटते, पण मी रोज जाते.

पहिल्यांदा उचलला नाही तर परत लावा.

तुमचं नाव माहीत नसलेली तुमची बहीण
गिरिजा